आमच्या साडूंचा ‘चार अंश’

मावळात भात पिकतो, गुलाब पिकतात आणि अलीकडे तर बंगलेही पिकतात. पण अल्टरनेटिव्ह मेटल नावाचं पीक या मातीत पहिल्यांदा घेतलं ते आमच्या साडूंनीच. त्यांच्या आधी ते कोणी घेतलं होतं असं कोणी सांगू लागलं, तर मी ऐकून घेणार नाही. नात्याने ते माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. कार्ल्याच्या जवळ, गावाबाहेर त्यांची वस्ती. भाताची खाचरं आणि गुलाबाची तीन पॉलिहाउसं. वय पंचेचाळिशीच्या आसपास, अंगाने काटक, केस खांद्यापर्यंत, आणि बैलाने माशी उडवावी तशी मानेला झटका देऊन ते केस मागे टाकायची सवय. अंगात बारा महिने काळा टीशर्ट. सत्यनारायणाच्या पूजेलासुद्धा तोच. छातीवरची कवटी बघून सासूबाई एकदा दचकल्या, तर हे शांतपणे म्हणाले, “आई, घाबरू नका, शंकराच्या गळ्यातली हाय.” सासूबाईंनी त्या कवटीला हात जोडले. मी स्वतः लोणावळ्याच्या एका शाळेत भूगोल शिकवतो आणि मधल्या सुट्टीची घंटा हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा आवाज होता. साडू भेटेपर्यंत.

अल्टरनेटिव्ह मेटल म्हणजे नेमकं काय, हे मला कळलं ते सासऱ्यांच्या एकसष्टीला. पंगत उठली होती, सासरे पान लावत बसले होते आणि त्यांनी सहज विचारलं, “जावईबापू, तुम्ही वाजवता म्हणजे काय वाजवता?” साडूंनी क्षणभरही विचार केला नाही. “मामा, भजन असतं का न्हाई? ते चिडून म्हणायचं. लय जोरात. मधीच काहीतरी आठवल्यावानी हळू व्हायचं, अन् परत चिडायचं.” सासऱ्यांनी पानाला चुना लावता लावता विचारलं, “पण चिडायचं कोणावर?” साडू म्हणाले, “ते ज्याचं त्यानं ठरवायचं. म्हणून तर अल्टरनेटिव्ह.” संगीताची याहून सुटसुटीत व्याख्या मला अजून कुठे सापडलेली नाही.

हे वेड त्यांना लागलं ते शेतकी पदविकेच्या वसतिगृहात. खोलीत मेघालयातून आलेला एक मुलगा होता आणि त्याच्याकडे गिटार होती. तीन वर्षांत दोघांना एकमेकांची भाषा आली नाही, पण साडूंना गिटार आली. जाताना तो मुलगा गिटार ह्यांच्या खाटेवर ठेवून गेला. तेव्हापासून ह्यांचा कान असा तयार झाला की आमच्या घरी कुकरची शिट्टी झाली की हे ओट्याकडे न बघता सांगणार, “काळी चार. रबर बदला, उतरायला लागलंय.” माझ्या भाचीच्या बारशाला बाळ टाहो फोडत होतं, आया-बाया पाळणा हलवून दमल्या होत्या, आणि हे कोपऱ्यात डोळे मिटून म्हणाले, “रडू द्या. सुरात हाय.”

आणि आत्मविश्वास! ‘बहुतेक’ हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. पवन मावळातल्या एका लग्नाला त्यांच्या गाडीतून निघालो. मी भूगोलाचा शिक्षक, शेजारी बसून डावीकडे म्हणत होतो. हे उजवीकडे गेले. दीड तासाने आम्ही धरणाच्या पाण्याशी येऊन थांबलो. पुढे रस्ता नव्हता, समोर फक्त पाणी आणि पाण्यापलीकडे मांडव. सनई ऐकू येत होती. साडूंनी हँडब्रेक ओढला, पलीकडे बघितलं आणि म्हणाले, “रस्ता बरोबर हाय पाव्हणं. लगीन चुकीच्या काठाला धरलंय.” गुलाबांच्या बाबतीतही तेच. एका पॉलिहाउसात त्यांनी स्पीकर लावून रोज सकाळी दोन तास गिटारचा गडगडाट सुरू केला, आणि त्या पॉलिहाउसातले दांडे खरोखरच हातभर लांब निघाले. गावभर सांगत सुटले. माझ्या मेव्हणीने, म्हणजे वैशालीने, माझ्या बायकोच्या कानात सांगितलं ते असं: “त्या झाडांची मला दया आली गं. म्हणून त्यांना दुप्पट खत घातलं.” तिने हे नवऱ्याला आजतागायत सांगितलेलं नाही, आणि आम्हीही सांगणार नाही.

अशा माणसाने बँड काढला नसता तरच नवल. बँडचं नाव ‘मुरूम’, आणि माणसं तीन. गिटारवर साडू. ढोल-ताशांच्या त्या विलायती खटल्यामागे सलीम, जो एरवी खंडाळ्याहून पर्यटकांना जीपमधून पॉइंट दाखवतो आणि सिग्नलला थांबला की स्टिअरिंगवर बोटं आपटत बसतो. तिसरी केतकी. ती तळेगावात औषधांच्या दुकानात कामाला. “ही गोळी जेवणानंतर” हे वाक्य इतकं हळू म्हणते की म्हाताऱ्यांना काउंटरवर वाकावं लागतं. मी तिला पहिल्यांदा गाताना ऐकलं तेव्हा पहिल्या दोन ओळी तिने तशाच, गोळी दिल्यासारख्या म्हटल्या. आणि तिसऱ्या ओळीला पोटातून अशी काही गुरगुर काढली की माझ्या हातातला चहा बशीत आला. साडू माझ्याकडे बघून म्हणाले, “बघितलं? आठवण आली, अन् चिडली.”

दहा वर्षं हे तिघे इथेतिथे वाजवत होते. मग साडूंच्या मनाने घेतलं की अल्बम करायचा. एकेक गाणं करून इंटरनेटवर सोड, असं सलीमने सुचवलं, पण ह्यांना ते पटलं नाही. “एकेक फूल वाटत फिरणारे आमी न्हाई. आमी गड्डी बांधतो. नऊ गाणी, एका दमात ऐकायची.” जागेचा प्रश्न गुलाबांनीच सोडवला. तोडलेली फुलं ठेवायची त्यांची जुनी थंड खोली बंद पडली होती आणि शेजारी नवी बांधली होती. जुनीच्या भिंती वीतभर जाड, आत फोम भरलेला, दार लावलं की बाहेरचं जग संपलं. वैशालीने माहेरच्या जुन्या गोधड्या दिल्या, त्या चारी बाजूंनी टांगल्या. दारावरचा तापमानाचा आकडा चारवर अडकला होता, तो तसाच राहिला, आणि अल्बमचं नाव ठरलं ‘चार अंश’. आत मात्र तिघं आणि यंत्रं मिळून इतकं उकडायचं की सलीम दर गाण्यानंतर बनियन पिळायचा.

दिवाळीनंतर सुरुवात झाली आणि जानेवारी संपता संपता नऊ गाणी पुरी झाली. रेकॉर्डिंगही साडूच करत. एकेक वाद्य वेगळं घेऊन नंतर जोडायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. तिघांनी एकदम वाजवायचं, चुकलं की पहिल्यापासून. मी एका रविवारी जाऊन सगळं ऐकून आलो. मला त्यातलं फार कळतं असं नाही, पण पाचव्या गाण्यात एक जागा होती, सगळं थांबून केतकीचा एकटा आवाज उरतो ती, आणि तिथे माझ्या अंगावर काटा आला हे मी खरं सांगतो.

आणि मग एका सकाळी साडूंचा फोन आला. “पाव्हणं, गाण्यात शिट्टी हाय.”

“कसली शिट्टी?”

“बारीक. तारेवानी. सगळ्या गाण्यात. हळू झालं की लय ऐकू येती.”

केतकीला ऐकू येत नव्हती, सलीमला येत नव्हती, वैशालीला येत नव्हती. मी जाऊन दोन्ही कानांवर हेडफोन लावून ऐकलं, मलाही आली नाही. “तुमचे कान पर्यटनाला आल्यावानी ऐकत्यात,” असं म्हणून त्यांनी आम्हा सगळ्यांना निकालात काढलं आणि शिट्टीच्या शोधाला निघाले. पहिला संशय दिव्यावर. दिवे काढले, मेणबत्त्या लावून गाणी पुन्हा वाजवली. शिट्टी होतीच. मग संशय गेला नव्या थंड खोलीच्या यंत्रावर. चौदा फेब्रुवारीला आठवडा राहिला होता, खोली छतापर्यंत लाल गुलाबांनी भरली होती, देशभरातल्या प्रेमिकांचा जीव त्या खोलीत टांगलेला. आणि ह्यांनी भर दुपारी ते यंत्र बंद केलं. वैशाली खुरपं हातात घेऊनच आली. “तुमची शिट्टी गेली खड्ड्यात, आधी माझी फुलं जगवा!” यंत्र सुरू झालं, फुलं वाचली, पण तीन दिवस ह्यांना जेवण वैशालीने नाही, तिच्या सासूने वाढलं.

मग गिरणी. गावातल्या गिरणीवाल्या आबांना ह्यांनी तासभर गिरणी बंद ठेवायला लावली. आबा दारात पिठाने पांढरे होऊन बसले होते, मला म्हणाले, “मास्तर, तुमच्या साडूला शिट्टी ऐकू येती म्हनं. मला चाळीस वर्सं गिरणीशिवाय काय ऐकूच येत न्हाई. त्यो बरा म्हणायचा का मी?” शेवटी वायरमनला गळ घालून साडूंनी बांधावरचा विजेचा डीपी बंद करायला लावला. अर्धा तास अख्खी वस्ती अंधारात नव्हे, पण पंख्याविना आणि मोटारीविना. सगळीकडे चिडीचूप. साडू बांधावर उभे राहून कान देत होते. वायरमनने विचारलं, “गेली का?” साडू म्हणाले, “हाय. मोठ्या रस्त्याची असणार.” आता एक्स्प्रेसवे काही त्यांना बंद करता येईना.

इथपर्यंत सगळे हसत होते. पण त्यांनी दोघांना पुन्हा वाजवायला बसवलं. एकदा, दोनदा, तीनदा. दर वेळी तीच शिट्टी. सलीमची बोटं सुजली. केतकीला नाशिकला मोठ्या दुकानात काम लागलं होतं, पाडव्यानंतर ती जाणार होती. एका दुपारी ती गाणं अर्ध्यात थांबवून नेहमीच्या त्या हळू आवाजात म्हणाली, “दादा, शिट्टी नाहीये.”

“हाय.”

“नाहीये, दादा.”

“तुला ऐकू येत न्हाई म्हंजे न्हाई, असं न्हाई व्हत. असलं खोटं पीक मी बाजारात सोडणार न्हाई.” आणि त्यांनी दोघांच्या समोर नऊच्या नऊ गाणी पुसून टाकली. जुनी, नवी, सगळी. सलीम जीपमध्ये जाऊन बसला. केतकीने आपल्या माइकची वायर काढली, गुंडाळली, पिशवीत ठेवली आणि त्याच जीपमधून गेली. हे मला वैशालीने फोनवर सांगितलं, आणि सांगताना ती पहिल्यांदाच रडली. ती म्हणाली, “भाऊजी, तुम्ही या. तुमचं ते ऐकतात.” माझं त्यांनी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं, पण मी गेलो.

साडू दारातच तयार उभे होते. “चला पाव्हणं. शिट्टी पोचत न्हाई अशी जागा माझ्या ध्यानात हाय. तितं रेकॉर्ड करू.” वस्तीमागच्या डोंगरात, दोन सोंडांच्या मध्ये एक घळ आहे. तिथे विजेची तार नाही, मोटार नाही, रस्ता डोंगराआड राहतो. फेब्रुवारी सरत आला होता, गवत वाळून पिवळं झालं होतं, वारा पडला होता. आम्ही घळीच्या पोटात एका खडकावर बसलो. मी इतकी शांतता पूर्वी कधी ऐकली नव्हती. माझा स्वतःचा श्वास मला ऐकू येत होता. साडू मान तिरकी करून बसले. 

“हाय,” ते म्हणाले. “हितंबी हाय.”

 त्यांनी उजवा कान हाताने दाबला. मग डावा. मग दोन्ही दाबले, आणि तसेच बसून राहिले. हात खाली घेतले तेव्हा त्यांचा चेहरा मला ओळखू आला नाही. “पाव्हणं,” ते म्हणाले, “तुमाला खरंच न्हाई ऐकू येत?”

“नाही.”

“काहीच न्हाई?”

“काहीच नाही.”

ते उठले, पँटवरची कुसळं एकेक करून काढली, आणि आम्ही खाली उतरलो. 

तळेगावातल्या कानाच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेलो. तिथे एका काचेच्या खोपट्यात बसवतात, कानावर यंत्र लावतात आणि आवाज आला की बटण दाबायला सांगतात. साडूंनी बटण दाबलं ते सोडलंच नाही. बाई बाहेरून खुणा करत होत्या, हे आतून मान हलवत होते: येतोय, आवाज येतोय. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. इतक्या वर्षांच्या मोठ्या आवाजाने कानाच्या आतल्या नाजूक शिरा झिजल्यात. वरचे बारीक सूर डाव्या कानाला जवळजवळ येत नाहीत, उजव्याला कमी येतात. आणि ही शिट्टी बाहेर नाही, आतच आहे. ती जाईल असं नाही. पण आता मोठा आवाज टाळला तर आहे तेवढं ऐकणं टिकेल. साडूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “डॉक्टर, तुमच्या खोपट्याच्या भिंती पातळ हायत. माझ्या वस्तीवर या, खोली दाखवतो.” डॉक्टर हसले. मी हसलो. गाडीत बसल्यावर मात्र त्यांनी पट्टा लावायला घेतला आणि तो खटका काही त्यांना सापडेना. मी लावून दिला.

चौकात आल्यावर ते म्हणाले, “मेडिकलपाशी थांबवा.” दुकानात गर्दी होती. साडू रांगेत उभे राहिले. पुढे एक आजोबा होते, त्यांच्या गोळ्या होईपर्यंत थांबले. मग काउंटरवर चिठ्ठी ठेवून, सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “केतकी, शिट्टी माझ्या कानात हाय. तुझं बरोबर हुतं. मी पाक चुकलो.” केतकीने आधी चिठ्ठी वाचली. पूर्ण वाचली. मग गोळ्या काढल्या, पाकिटावर वेळा लिहिल्या आणि नेहमीसारखी पुटपुटली. साडू काउंटरवर वाकले. “काय?” तिने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने, “म्हटलं, रविवारी येते. सलीमभाईंना पण सांगते. पाडव्याला अजून दोन रविवार आहेत.”

त्या दोन रविवारी नऊ गाणी पुन्हा वाजली. साडूंनी गवतकापणीच्या यंत्राबरोबर मिळालेली जाड कानपट्टी डोक्यावर चढवली होती. वाजवत होते ते बोटांच्या सवयीवर आणि सलीमच्या खांद्यांकडे बघून. रेकॉर्डिंगची खुर्ची केतकीला दिली. मी दाराशी गोधडीला टेकून बसलो होतो, म्हणून जे ऐकलं ते माझ्या कानांनी ऐकलं. पहिलं गाणं संपलं, साडूंनी कानपट्टी वर केली आणि मानेचा झटका न देता, केस तसेच तोंडावर, तिला विचारलं, “कसं झालं गं?” दहा वर्षांत हा प्रश्न त्यांनी कोणाला विचारला नव्हता. सलीमने काठ्या मांडीवर ठेवल्या आणि खाली बघू लागला. केतकी म्हणाली, “मधलं परत घेऊ, दादा.” साडू म्हणाले, “घेऊ.” त्यांनी पहिल्यापासून घेतलं.

मधल्या चहाला मी शहाणपणा केला. म्हटलं, ती कानातली शिट्टीच एखाद्या गाण्यात घाला ना, लोकांना कळेल तुम्हाला काय ऐकू येतं ते. साडूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसलो. “आजाराचं गाणं कशाला करायचं, पाव्हणं? त्याला फुकट घरात ठिवलाय, तेवढं पुरे.” या शेवटच्या वेळची गाणी पहिल्याहून चांगली झाली का, हे सांगायला आता कोणाकडेच पहिली गाणी नाहीत. केतकी म्हणते झाली. साडू म्हणतात, तिला माहीत.

‘चार अंश’ बाहेर पडला त्या दिवशी फुलं बांधायच्या शेडमध्ये दुपारी सगळ्या वस्तीला बसवून तो ऐकवला. गिरणीवाले आबा पुढच्या रांगेत होते, त्यांना सगळं स्वच्छ ऐकू आलं. सासूबाईंनी पाचव्या गाण्याला वैशालीचा हात धरला आणि म्हणाल्या, “एवढी कशानं चिडलीय गं पोरगी? जेवली का ती?” पुढे तो अल्बम कुठे कुठे पोचला. मेघालयातून कोणीतरी चार ओळी लिहिल्या होत्या. तो जुना खोलीतला मित्र नव्हता, कोणी दुसराच होता. साडूंनी त्या मला तीनदा वाचायला लावल्या.

आता केतकी नाशिकला असते, सलीमची जीप हंगामात भरलेली असते. मोठ्या आवाजाची गिटार पेटीत गेली. साडू साधी लाकडी गिटार वाजवतात, तीही व्हरांड्यात, गुलाबांना ऐकू जाईल न जाईल इतकी हळू. गेल्या महिन्यात मी गेलो तर म्हणाले, “नवीन हाय, ऐका.” मी उजव्या बाजूला खुर्ची ओढली. गाणं लहान होतं, चिडलेलं नव्हतं. शेवटी त्यांनी एक वरचा सूर छेडला, हात अलगद उचलला आणि तो सूर हवेत सोडून दिला. “तो कवा संपतो ते मला कळत न्हाई,” ते माझ्याकडे बघत म्हणाले. “माझ्याकडं त्यो चालूच ऱ्हातो. संपला की बोट वर करा.” सूर बारीक होत गेला, व्हरांड्याच्या खांबांपर्यंत गेला, विरला. समोर वैशाली फुलांच्या बादल्या ओळीने लावत होती. साडू माझ्या हाताकडे बघत थांबले होते, अगदी लहान मुलासारखे. मी आणखी थोडा वेळ हात मांडीवरच ठेवला.